पंख्यावरची टिकली

फोन आला तेव्हा माझ्यापुढे एका शाळेचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. पलीकडून शैलजा म्हणाली, "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "आत्ताच. डॉक्टर आत आहेत अजून." मी "निघाले" म्हटलं, काढलेले स्क्रू वाटीत टाकले, वाटीवर झाकण ठेवलं, शटर ओढलं आणि रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, स्क्रू वाटीत टाकून वर झाकण ठेवायची ही सवय माझी नव्हे, अक्कांची, म्हणजे शैलजाच्या आईची. त्यांच्या दुकानात आम्ही पहिल्यांदा मशीन उघडलं तेव्हा त्यांनी जेवणाच्या डब्यातली शेंगाचटणी भाकरीवर उलटी करून रिकामी वाटी माझ्यापुढे सरकवली होती. "ह्यात टाक. जमिनीवर पडलं तर कापसात गावायचं न्हाय." त्या स्क्रूंना पुढे बरेच दिवस लसणाचा वास येत होता...

अक्का म्हणजे मल्लम्मा. सोलापूरच्या पूर्व भागात, एका टॉवेलच्या कारखान्याला चिकटून, त्यांचं लग्नपत्रिका करून द्यायचं छोटंसं दुकान होतं. घरची भाषा कन्नड, शाळा मराठी, आणि तेलुगू त्या शेजारपाजारच्या विणकर बायकांकडून ऐकून आणि त्यांच्याच पत्रिका वाचून शिकलेल्या. तिन्ही भाषांतल्या पत्रिका त्या स्वतः टाईप करत, बटर पेपरवर प्रिंट काढत आणि तो कागद छापखान्यात पाठवत. मी केम गावची. लग्न होऊन सोलापुरात आले, टायपिंगची परीक्षा झालेली होती, नोकरी हवी होती. कुणीतरी अक्कांचं दुकान सांगितलं. त्यांनी मला बसायलाही न सांगता एक छापलेली पत्रिका हातात दिली आणि म्हणाल्या, "ह्यातली चूक काढ." मी दोनदा वाचली. चूक सापडेना. तसं सांगितलं. "न्हाय ना? मग बरं. चूक न्हाईच त्यात. उगं एखादी काढून दावली असतीस तर परत पाठवलं असतं तुला." दुसऱ्या दिवसापासून मराठीचं काम माझ्याकडे आलं.

त्या दुकानाचा एक रिवाज होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. पत्रिकेचं प्रूफ तयार झालं की अक्का गिऱ्हाइकाला विचारायच्या, "रुसणारं माणूस आणलंय का?" नवीन माणूस गोंधळायचा. मग त्या समजावून सांगायच्या की प्रत्येक घरात एक माणूस असतं, कुणी आत्या, कुणी थोरला चुलता, कुणी मुंबईला राहणारी जाऊ, जे पत्रिका हातात पडल्यावर पहिल्यांदा आपलं नाव शोधतं. त्या माणसाला घेऊन या, त्याला वाचू दे, त्यानं हो म्हटलं की मी छापायला देते. लोक हसायचे, पण आणायचे. एकदा एका माणसानं सांगितलं, "अक्का, आमच्यात कुणी रुसत नाही." अक्का म्हणाल्या, "मग ते तूच असशील. बस आणि वाच." त्यांचं म्हणणं होतं की चुकलेलं नाव माणूस माफ करतो, सुटलेलं करत नाही. वेलांटी चुकली तर हसण्यावारी जाते, पण नाव गाळलं तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. हे त्यांनी ऐकून सांगितलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं.

आता त्या मशीनबद्दल सांगायला हवं, कारण अक्कांबद्दल बोलताना ते टाळता येत नाही. मशीन म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर, जुना. त्याच्या मागच्या बाजूला, पूर्वी प्रिंटरची वायर लागायची तिथे, आगपेटीएवढं एक लॉक बसवलेलं आहे. ते असेल तरच अक्कांचं कन्नड आणि तेलुगूचं सॉफ्टवेअर उघडतं. ते बनवणारे लोक केव्हाच धंदा बंद करून गेले आणि आताच्या कॉम्प्युटरला ते लॉक लावायला जागाच नसते. म्हणजे ते मशीन चालू तर कन्नड-तेलुगू चालू. अक्कांनी त्या अक्षरांवर इतकी वर्षं हात बसवला होता की दुसरं काही त्यांना नको होतं. आणि खरं सांगायचं तर अक्षरं होतीच देखणी. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं. अक्कांच्या मशीनवर ते असं बसायचं, जसं झुमक्याला मोती.

मी लागले त्याच उन्हाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, ते मशीन बंद पडायला लागलं. चालू करावं, जरा वेळ काम करावं, की गप्प. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघतो. टेबलावर प्रूफं साचलेली, बाहेर गिऱ्हाइकं बसलेली. अक्का म्हणाल्या, "कल्पना, उघड ते." मी म्हटलं, "अक्का, मला यातलं काही कळत नाही." "मला तरी कुटं कळतंय. उघड की. आत साप हाय का काय?" शिवणयंत्राच्या डब्यातला स्क्रू ड्रायव्हर आणला आणि पत्रा काढला. आत साप नव्हता, कापूस होता. शेजारच्या मागांवरून उडालेले टॉवेलांचे तंतू इतकी वर्षं त्यानं श्वासाबरोबर ओढून घेतले होते. मधोमध एक पितळेच्या कंगव्यासारखा दातेरी ठोकळा, त्यावर छोटा पंखा, आणि पंखा कापसात रुतून बसलेला. बोटानं फिरवला तर करकरला आणि थांबला. वारं मिळेना म्हणून मशीन तापून बंद पडत होतं.

कापूस काढेपर्यंत मी होते. पुढचं डोकं अक्कांचं. त्या उठल्या, शेजारच्या कारखान्यात गेल्या आणि अंबादासमामांकडून मागाला घालायचं तेल बाटलीच्या झाकणात घेऊन आल्या. अंबादासमामा म्हणजे त्या कारखान्याचे मालक, आणि गडी, आणि मेकॅनिक, सगळं एकच. अक्कांचं तर्कशास्त्र सरळ होतं. फिरणाऱ्या वस्तूला तेल लागतं. मागाला लागतं, शिलाई मशीनला लागतं, रहाटाला लागतं, मग हे काय वेगळं आहे? पंखा सोडवला, त्याच्या पाठीवरचं स्टिकर सोललं, खाली एक बारीक भोक दिसलं, त्यात दोन थेंब सोडले. फिरवला तर भिंगरीसारखा फिरला. पण स्टिकर तेलकट होऊन फाटलं होतं, ते परत चिकटेना, आणि भोक उघडं राहिलं तर तेल उडणार. अक्कांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग कपाळावरची टिकली काढली, पंख्याची पाठ पदरानं पुसली आणि टिकली त्या भोकावर दाबून बसवली. मरून रंगाची, मखमली, चांगली मोठी टिकली. वाटीत टाकलेले स्क्रू परत लावले. मशीन चालू झालं आणि रात्रीपर्यंत चालू राहिलं. अक्का विभूती लावलेल्या मोकळ्या कपाळानं घरी गेल्या, त्यावर घरी अण्णांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, काय विचारलं ते मला माहीत नाही.

तो उन्हाळा निघाला. पुढचं मात्र अक्कांना कळलं नाही, आणि कळल्यावरही पटलं नाही. तेल आणि कापूस एकत्र आले की काय होतं, हे खरं तर मागावाल्यांच्या शेजारी राहणाऱ्याला सांगायला नको. पुढच्या हंगामात मी पंखा उघडला तर पात्यांना कापसाचा घट्ट नमदा चिकटलेला. मी म्हटलं, "अक्का, ही वात झालीय वात. तेलात भिजलेला कापूस आहे हा." त्या म्हणाल्या, "मग लाईट गेली तर दिवा लागंल की." मी नमदा खरवडला, बाजारातून नवीन पंखा आणला आणि बसवला. तो मी आयुष्यात बदललेला पहिला पंखा. फार अवघड नव्हतं. तार कुठे लागते ते बघायचं, वारं ठोकळ्याच्या बाजूला जातं ना ते बघायचं, चार कोपरे सारखे आवळायचे. ते करताना मला कळलं की हे काम मला टायपिंगपेक्षा आवडतं.

हे माझ्याआधी अक्कांना कळलं. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ते हार्डवेअरचं क्लास असतंय म्हणे. जात का न्हाईस?" मी म्हटलं, "मग इथलं मराठी कोण करणार?" "मी करीन. आधी कोण करत होतं?" मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, "बघू म्हणणारं माणूस हितंच बसून म्हातारं होतंय. मशीन उघडतीस तेव्हा तुझं तोंड बघ आरशात. पत्रिका टाईप करताना तसं दिसत न्हाय." मी क्लास केला. चौकात गाळा घेतला. सुरुवातीला लोक दुकानात येऊन "मेकॅनिक कुठे आहे?" असं मलाच विचारायचे. अक्का मात्र त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला, त्याच्याकडे कॉम्प्युटर असो वा नसो, माझा पत्ता द्यायच्या. एकदा एक बाई मिक्सर घेऊन आल्या. अक्कांनीच पाठवलं होतं. मी तोही दुरुस्त करून दिला.

तेव्हापासून अक्कांचं मशीन हे माझं कायमचं गिऱ्हाईक झालं आणि कायमची डोकेदुखी. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं होरपळतात, तिथे यंत्राचं काय, हे अक्कांना मान्य होतं, पण त्यावर त्यांचे उपाय स्वतःचे होते. एका वर्षी जाऊन पाहते तर पाण्याचा कूलर खिडकीतून हलवून मशीनच्या पाठीशी लावलेला. गिऱ्हाइकं घामानं डबडबलेली आणि मशीन वाळ्याच्या वासाचं गार वारं खात बसलेलं. मी म्हटलं, "हे ओलं वारं आहे, अक्का. आत गंज चढेल." "तुला बरं वाटतंय की न्हाय कूलरम्होरं बसून?" "मला वाटतं." "मग त्याला का न्हाय वाटणार?" पत्रा काढला तर स्क्रूंना गंज धरलेलाच होता. मी एकेक स्क्रू काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी एक स्क्रू नखानं खरवडून पाहिला, मग म्हणाल्या, "बरं. कूलर माणसांना." आणि कूलर परत खिडकीत गेला. पटलं की त्या लगेच मान्य करत. पटायलाच काय ते वेळ लागे.

पण तेलाचं त्यांना कधी पटलं नाही. पंखा जरा कुरकुरला की तेल, तेलावर टिकली, पुढच्या हंगामात नमदा, मग माझं बोलणं आणि नवा पंखा. तेलानं टिकली सुटते, म्हणून भोकाभोवती आधी पावडर लावून पुसायचं आणि मग टिकली चिकटवायची, अशी त्यांनी पद्धतही बसवली होती. टिकल्यांचं पाकीट कीबोर्डच्या शेजारी, पिनांच्या डबीत. मी चिडले की म्हणायच्या, "कुंकवाच्या गावची पोरगी तू, आन् टिकलीला नावं ठेवतीस." केमचं कुंकू सगळीकडे जातं, हे खरं. पण ते कॉम्प्युटरला लावत नाहीत, असं मी म्हणायची.

अण्णा गेले त्यानंतरची एक गोष्ट आहे. अक्कांनी टिकली सोडली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे आणि कुणाला दाखवायला म्हणूनही नव्हे. विभूती तेवढी ठेवली. काही दिवसांनी त्यांची नणंद अक्कलकोटच्या बाजूहून भेटायला आली होती. मी तिथेच मशीन पुसत होते. नणंदेला पिनांच्या डबीत टिकल्यांचं पाकीट दिसलं. तिनं ते दोन बोटांत धरून उचललं आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. शब्द मला कळले नाहीत, सूर कळला. अक्का मराठीत, मला ऐकू यावं अशा बेतानं, म्हणाल्या, "माझ्यासाठी न्हाय ते वन्सं, कॉम्प्युटरसाठी हाय. ह्या घरात टिकली लावणारं आता तेवढं एकच हाय." नणंदेला वाटलं, ही दुःखानं भ्रमिष्ट झाली. मी मान खाली घालून पत्रा पुसत राहिले. ती गेल्यावर आम्ही दोघी खूप हसलो... अण्णा गेल्यानंतर अक्का पहिल्यांदा तेव्हा हसल्या.

तीन-चार वर्षांपूर्वी मी ठरवलं की हे तेलाचं प्रकरण एकदाचं मिटवायचं. पुण्याहून चांगल्यातला बेअरिंगचा पंखा मागवला, त्या मापाचे आता सहज मिळत नाहीत. बसवला आणि अक्कांना समोर उभं करून सांगितलं, "याला तेल लागत नाही. कंपनीनं बंद करून दिलाय. याचं स्टिकर सोलायचं नाही, हात लावायचा नाही." "न्हाय लावत." "शपथ?" "अगं न्हाय म्हणलं की." त्यानंतर पंखा खरंच कुरकुरला नाही. मी दिवाळीच्या आधी बाहेरून धूळ उडवायला जात असे, आतला पंखा सोडवायची गरजच पडली नाही. मला वाटलं, सुटले.

या वर्षी त्या आजारी पडल्या आणि उठल्याच नाहीत. दवाखान्यात शेवटचं नीट बोलणं झालं तेव्हा त्यांनी आधी मशीनवर कापड टाकलंय का ते विचारलं. टाकलंय म्हटलं. मग म्हणाल्या, "माझ्या शिवगणाराधनेची पत्रिका तू कर." आमच्याकडे तेरावा असतो तसा त्यांच्यात तो विधी, आणि त्याची पत्रिका निघते. अक्कांनी अशा किती पत्रिका केल्या असतील याचा हिशेब नाही. मी म्हटलं, "आत्ताच कशाला बोलता?" "आत्ता न्हाय तर कवा बोलू? त्याच मशीनवर कर. भावकीतली पोरं फोनवर फुलं-बिलं टाकून करतील आन् माझं नाव मोडून ठेवतील. लोकांची नावं सांभाळली मी सगळा जन्म. माझं तरी नीट छाप." मी "करते" म्हटलं. त्या म्हणाल्या, "आन् रुसणारं माणूस बघून घे."

झालंही तसंच. अक्का गेल्या, त्यांच्या भाषेत लिंगैक्य झाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजानं फोन माझ्यापुढे धरला. ती त्यांची एकुलती मुलगी, विजापूरला दिलेली. सासरच्या कुणीतरी घाईघाईत पत्रिका करून पाठवली होती. फुलं होती, समई होती, आणि कन्नडमध्ये मल्लम्मा हे नाव मोडलेलं होतं. खाली लटकायची अक्षरं सुटी होऊन शेजारी जाऊन उभी राहिली होती. शैलजा म्हणाली, "मावशी, हे आईचं नाव नाही. विजापूर-इंडीकडचे सगळे कन्नडच वाचणार. छापखानेवाला म्हणतो, आज संध्याकाळपर्यंत कागद द्या, नाहीतर पत्रिका वेळेत मिळणार नाहीत." मी म्हटलं, "किल्ली दे दुकानाची."

मशीन चालू झालं. सॉफ्टवेअर उघडलं. पहिली ओळ लिहून होते न होते तोच बंद. मला ते बंद पडणं ओळखीचं होतं. पत्रा काढला. दुकान बरेच दिवस बंद असलं तरी शेजारचे माग चालूच होते, कापूस बसला होताच. पंखा फिरत नव्हता. चार स्क्रू काढून वाटीत टाकले, पंखा सोडवून उलटा केला... पाठीवर टिकली होती. मरून, मखमली, मोठी. कंपनीचं स्टिकर गायब. टिकलीच्या कडेला पावडरीचं पांढरं वर्तुळ. शैलजानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुझी आई ऐकायची नाही."

नवा पंखा हवा होता. रविवार, बाजार बंद. माझ्या दुकानात होते ते सगळे मोठे, आणि या मशीनमध्ये वरचा वीजपुरवठ्याचा डबा इतका चिकटून आहे की मोठा पंखा बांधूनही बसत नाही. भंगारातही त्या मापाचा निघाला नाही. संध्याकाळ जवळ येत होती. मग मी तेच केलं जे इतकी वर्षं करू नका म्हणून सांगत आले होते. शेजारी गेले आणि अंबादासमामांकडे तेल मागितलं. मामांनी कोनाड्यातली एक छोटी बाटली काढून हातात दिली, तेल आधीच भरून ठेवलेलं. म्हणाले, "अक्काचीच हाय ही. दर म्हैन्याला न्यायच्या की." मी विचारलं, "दर महिन्याला?" "व्हय. तुमाला सांगू नका म्हनल्या हुत्या. कल्पना रागावती म्हनल्या."

जुना नमदा खरवडला, दोन थेंब सोडले, बोटानं फिरवला. फिरला. पिनांच्या डबीत टिकल्यांचं पाकीट जागेवर होतं. पावडर लावून पुसलं, टिकली दाबून बसवली, पंखा जागेवर आवळला. मशीन चालू केलं आणि दोघी कान देऊन बसलो. चालू राहिलं. मला कन्नड लिहिता येत नाही, पण अक्कांशेजारी बसून कळा कुठल्या ते माहीत होतं. शैलजा उच्चार सांगत होती, मी दाबत होते. मल्लम्मा हे नाव लिहिलं आणि खालची अक्षरं आपापल्या जागी येऊन बसली, झुमक्याला मोती बसावा तशी. शैलजा पदर तोंडाला लावून खिडकीकडे गेली. मी मराठीची बाजू पुरी केली.

प्रिंट काढली. आता प्रूफ. मी सवयीनं विचारलं, "तुमच्यात रुसणारं कोण आहे?" शैलजा म्हणाली, "आमच्यात आईच होती." ते खरं होतं. दुसऱ्यांच्या रुसव्यांवर हसणाऱ्या अक्का स्वतः एका पत्रिकेत नाव खाली आलं म्हणून माहेरच्या लग्नाला गेल्या नव्हत्या. मी फूटपट्टी घेतली. त्या करायच्या तशी एकेका ओळीखाली सरकवत मराठी मोठ्यानं वाचली. मग शैलजानं कन्नड वाचलं. शेवटपर्यंत वाचलं आणि फूटपट्टी तिथेच ठेवून म्हणाली, "चूक आहे." मी वाकून पाहिलं. मला दिसेना. "कुठे?" "निमंत्रकांत तुमचं नाव नाही." मी म्हटलं, "मी नात्यातली नाही, शैलजा. भावकी काय म्हणेल?" ती म्हणाली, "भावकीचं मला माहीत नाही. आई काय म्हणेल ते माहीत आहे. चुकलेलं चालतं, सुटलेलं नाही." आवाज अगदी अक्कांचा. छापखान्याची वेळ होत आली होती, वाद घालण्यात अर्थ नव्हता. नाव घातल्यावर एक ओळ वाढली आणि चौकटीच्या बाहेर गेली. सगळ्या नावांचा आकार एक पॉइंट लहान करून ती आत बसवली. कागद वेळेत पोचला. पत्रिका वेळेत गेल्या. कुणीही रुसल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

शैलजानं दुकानाची जागा सोडली. मशीन मी माझ्या गाळ्यात आणलं, कारण भंगारात देण्यासारखं त्यात काही नाही आणि कन्नड-तेलुगूच्या पत्रिका विचारायला लोक अजून येतात, ते उच्चार सांगतात आणि मी कळा दाबते. इथे कापूस उडत नाही. पुढच्या आठवड्यात त्या मापाचा पंखा मिळवला आणि रीतसर बदलला. वारं ठोकळ्याकडे, चारही कोपरे सारखे आवळलेले, स्टिकर शाबूत. जुना पंखा टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. कूलर चालू केला की त्या वाऱ्यावर त्याची पाती आपोआप फिरायला लागतात, आणि पाठीवरची टिकली तेवढी जागच्या जागी असते.

परवा अंबादासमामा आले होते, नातीच्या लग्नाची पत्रिका करायला. तेलुगूत पाहिजे होती. रुसणारं माणूस बरोबर आणलं होतं, त्यांची बहीण. ती प्रूफ वाचत असताना मामांनी खिशातून ती छोटी बाटली काढली आणि मशीनशेजारी ठेवली. मी म्हटलं, "मामा, या पंख्याला तेल लागत नाही." ते म्हणाले, "अक्काला बी तसंच सांगत हुता की तुमी." मी बाटली उचलून खण उघडला आणि टिकल्यांच्या पाकिटाशेजारी ठेवून दिली.